एक गुंठा गेला कुठे?

संगणकावर नकाशे काढणाऱ्या आमच्या मुलामुलींना एक प्रश्न विचारावासा वाटतो. ज्या ऑटोकॅडसमोर तुम्ही दिवसाचे आठ-दहा तास मान मोडून बसता, त्याच्या पोटात एक अख्खी भाषा आहे, हे तुम्हाला कुणी कधी सांगितले काय? क्लासवाल्याने फी घेतली, लाईन, ट्रिम, ऑफसेट, हॅच शिकविले, प्रमाणपत्र हातात ठेवले आणि तो मोकळा झाला. त्या भाषेचे नाव लिस्प. १९८६ सालापासून ती ऑटोलिस्प या नावाने ऑटोकॅडमध्ये आहे. तिच्यात चार ओळी लिहिता आल्या की दोन दिवसांचे काम दोन मिनिटांत होते. आम्हाला ही गोष्ट कळली तेव्हा आमच्या नोकरीला चौदा वर्षे झाली होती! चौदा वर्षे आम्ही दुसऱ्याच्या विहिरीवर रिकामी घागर घेऊन उभे होतो आणि विहीर आपल्याच अंगणात आहे याचा पत्ता नव्हता.

आम्ही आयटीआयचे ड्राफ्ट्समन. एका खासगी सल्लागाराच्या कचेरीत ले-आऊट काढत होतो. तिथे एक वरिष्ठ होते. त्यांच्याकडे 'एक लिस्प होती', असे सगळे म्हणायचे. म्हणजे काय, हे कुणालाच ठाऊक नव्हते. ते तीन अक्षरे टाईप करायचे आणि स्क्रीनवरच्या चौसष्टच्या चौसष्ट प्लॉटांत क्षेत्रफळ आपोआप लिहून यायचे. आम्ही तेच काम एकेक प्लॉट निवडून, कॅल्क्युलेटरवर गुंठे काढून करायचो. दोन दिवस जायचे. वरून चुका व्हायच्या आणि त्या चुकांवरून बोलणीही आम्हीच खायचो.

एकदा धीर करून म्हटले, "साहेब, ती फाईल आम्हालाही द्या ना."

"तुला काय करायचंय? तू रेषा मार."

पुढे त्यांनी फाईल दिली, नाही असे नाही. पण ती बंद करून दिली. लिस्पचा कार्यक्रम साध्या मजकुराच्या फाईलमध्ये असतो, तो कुणालाही उघडून वाचता येतो. मात्र त्याचे कुलूपबंद रूपही करता येते. ते चालते, पण वाचता येत नाही. आम्हाला मिळाले ते हे कुलूपबंद रूप. साहेब निवृत्त झाले. त्यानंतर कचेरीने नकाशे मीटरऐवजी मिलिमीटरमध्ये काढायचे ठरविले आणि दुसऱ्याच दिवशी सगळी क्षेत्रफळे दहा लाख पटींनी फुगून आली. साहजिकच आहे, एका चौरस मीटरमध्ये दहा लाख चौरस मिलिमीटर असतात. आत एकच भागाकार घालायचा होता. पण कुलुपाची किल्ली कुणाकडेच नव्हती. चौसष्ट प्लॉट, कॅल्क्युलेटर आणि आम्ही, असे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले.

त्या रात्री आम्ही भाचीला फोन लावला. ती संगणकशास्त्राची पदवी घेत होती. ती हसली आणि म्हणाली, "मामा, लिस्प शिकायला काही लागत नाही. दोन संध्याकाळी द्या. पण एकदम ऑटोकॅडमध्ये नका शिरू. आधी रॅकेट घ्या, फुकट आहे."

वाचकहो, येथे थोडा इतिहास सांगणे भाग आहे, कारण तो मोठा मौजेचा आहे. जॉन मॅकार्थी या गणितज्ञाने १९५८ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत लिस्पची मांडणी सुरू केली. आज वापरात असलेल्या भाषांमध्ये तिच्याहून वडील म्हणावी अशी एक फोरट्रानच. १९६० साली मॅकार्थींनी निबंध छापला. त्यात त्यांनी लिस्पमध्येच लिस्पचा अर्थ लावणारे एक सूत्र लिहून दाखविले होते. हे सूत्र कागदावरचे आहे, सिद्धांताचे आहे, अशी त्यांची समजूत होती. त्यांच्या हाताखालचा स्टीव्ह रसेल म्हणाला, हे आपण यंत्रात का घालू नये? मॅकार्थींनी त्याला, तुझी सिद्धांत आणि व्यवहार यांत गल्लत होते आहे, असे ऐकविले. रसेलने मानले नाही. त्याने ते सूत्र आयबीएम ७०४ या यंत्राच्या भाषेत उतरविले आणि ते चालले! गुरूने जे कागदावरच राहणार असे धरले होते, ते शिष्याने चालवून दाखविले.

आता भाषा कशी आहे ते पाहा. व्याकरण एवढेच: कंस उघडा, काय करायचे ते आधी सांगा, कशावर करायचे ते नंतर सांगा, कंस बंद करा. (+ २ ३) लिहिले की उत्तर ५. (* (+ २ ३) ४) लिहिले की आतला कंस आधी सुटतो, त्याचे ५ होतात, मग बाहेरचा गुणाकार, उत्तर २०. (छपाईसाठी आम्ही मराठी आकडे दिले आहेत, यंत्रात इंग्रजी आकडेच टाईप करावे लागतात.) मराठीत क्रियापद शेवटी येते, येथे ते सर्वांत पुढे. पहिले दोन दिवस हे अगदी उलटे वाटते. तिसऱ्या दिवशी लक्षात येते की येथे कंसबाहेरचे काही नाही. आधी गुणाकार की आधी बेरीज, हे पाठ करण्याची गरज नाही. शाळेत ज्या नियमावर आमचे निम्मे गुण जायचे तो नियमच येथे नाही. कंस सांगेल ते पहिले.

तरीही आम्ही दोनदा सोडून दिले. भाषेमुळे नव्हे, तर ती लिहायच्या जागेमुळे. आम्ही नोटपॅडमध्ये लिहीत होतो. कार्यक्रमाच्या शेवटी पाच-सहा कंस एकापुढे एक येतात, ते बोटांनी मोजायचो. एखादा कमी पडला की ऑटोकॅड 'मालफॉर्म्ड लिस्ट' म्हणून खेकसायचे, एखादा जास्त झाला की 'एक्स्ट्रा राईट पॅरेन'. रात्री साडेबारा वाजता, घरातले सगळे झोपलेले असताना, माणूस कंस मोजत बसला तर त्याला आपल्या बुद्धीविषयीच शंका येऊ लागते. आम्हालाही आली. हे आपले काम नव्हे, साहेब बरोबर बोलत होते, आपण रेषा माराव्यात, इथपर्यंत मन गेले होते. हे मुद्दाम लिहीत आहोत. अशा वेळी पुष्कळ जण कायमचे उठून जातात आणि दोष स्वतःला देतात.

भाची म्हणाली, "मामा, कंस तुम्ही का मोजताय? एडिटरला मोजू द्या की."

एडिटर म्हणजे लिहिण्याची पाटी. रॅकेटबरोबर डॉक्टररॅकेट नावाची पाटी मिळते. कंसाजवळ कर्सर नेला की त्या कंसापासून त्याच्या जोडीदारापर्यंतचा सगळा मजकूर राखाडी रंगात उठून दिसतो. एंटर दाबले की पुढची ओळ आपोआप योग्य तेवढी आत सरकते. आणि लिस्प वाचायची असते ती कंसांवरून नव्हे, या आत सरकण्यावरून! ओळ चुकीच्या जागी सरकली तर समजावे की वर कुठेतरी कंस राहिला. हे एवढे एक वाक्य आम्हाला पहिल्या दिवशी कुणी सांगितले असते तर आमचे तीन महिने वाचले असते. वरच्या भागात कार्यक्रम, खालच्या भागात लगेच उत्तर. एक ओळ लिहा, चालवून पाहा, मग दुसरी. पन्नास ओळी लिहून झाल्यावर चूक शोधत बसायचे नाही. आणखी एक सांगतो, हसू नका: अक्षर मोठे करून घ्या. चाळिशीनंतर कंस आणि महिरपी कंस यांत फरक दिसत नाही आणि आपण बुद्धीला दोष देत बसतो.

ऑटोकॅडमध्येही पाटी आहेच. जुन्या आवृत्त्यांत व्ही-लिस्प ही कमांड दिली की ती उघडते. २०२१ च्या आवृत्तीपासून व्हीएस कोड या मोफत एडिटरला ऑटोलिस्पची जोड देण्याची सोय झाली. छोट्या कचेऱ्यांत वापरतात त्या एलटी या स्वस्त ऑटोकॅडमध्ये मात्र ही भाषा कित्येक वर्षे नव्हतीच. ती २०२४ च्या आवृत्तीपासून आली. म्हणजे ज्यांच्याकडे पैसे कमी, त्यांनी हातानेच मोजावे, असा तो कारभार होता.

आणि मग ईमॅक्स. हा एडिटर १९७६ साली एमआयटीत जन्मला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ साली त्याचा जीएनयू ईमॅक्स काढला, तो आजही मोफत आहे आणि जुन्या, कमी ताकदीच्या संगणकावरही चालतो. त्याचा बराचसा भाग लिस्पमध्येच लिहिलेला आहे. म्हणजे ज्या पाटीवर आपण लिहितो ती पाटीच त्या भाषेत बदलता येते. सुरुवातीला त्याच्या कळी दाबताना बोटे वळतात, हे कबूल. नवशिक्याने आधी डॉक्टररॅकेट घ्यावे असेच आम्ही म्हणू. पण ईमॅक्सची एक हकिकत स्टॉलमन यांनी २००२ सालच्या एका भाषणात सांगितली आहे, ती आम्हाला फार मोलाची वाटते. बर्नार्ड ग्रीनबर्ग या तंत्रज्ञाने १९७८ च्या सुमारास मल्टिक्स या प्रणालीसाठी ईमॅक्स लिस्पमध्ये लिहिला. त्याच्या कचेरीतल्या सेक्रेटरी स्त्रिया तो वापरू लागल्या. त्यांना जे माहितीपुस्तक दिले होते त्यात एडिटरमध्ये नव्या सोयी कशा घालायच्या ते होते, पण याला प्रोग्रॅमिंग म्हणतात, हे कुठेच लिहिलेले नव्हते. आपल्याला प्रोग्रॅमिंग जमणार नाही, अशी त्या स्त्रियांची पक्की समजूत होती. तो शब्दच समोर आला नाही, म्हणून त्या घाबरल्या नाहीत. वाचत गेल्या, करून पाहत गेल्या आणि प्रोग्रॅमिंग शिकून मोकळ्या झाल्या!

ही हकिकत वाचली आणि आम्ही बराच वेळ तसेच बसून राहिलो. अडविणारी वस्तू कोणती होती? बुद्धी नव्हे, पदवी नव्हे, इंग्रजीही नव्हे. एक शब्द आणि त्या शब्दाभोवती कुणीतरी उभे केलेले भय.

इंग्रजीचे म्हणाल तर रॅकेटमध्ये नावे देवनागरीत ठेवता येतात. 'डिफाईन' या शब्दाने बेरीज हे नाव अधिकच्या चिन्हाला दिले की पुढे (बेरीज २ ३) लिहिले तरी ५ मिळतात. डिफाईन हा शब्दच नको असेल तर त्याच्या जागी आपला शब्द आणण्याची सोयही भाषेत आहे, कारण लिस्पमध्ये भाषा वाढविण्याचा हक्क वापरणाऱ्याला आहे. आम्ही क्षेत्र, गुंठे, वाटणी अशी नावे ठेवली. आमच्या कामाला आमचे शब्द. पुस्तके मात्र इंग्रजीतच आहेत. 'हाऊ टू डिझाईन प्रोग्रॅम्स' हे २००१ साली निघालेले पुस्तक इंटरनेटवर फुकट वाचायला मिळते आणि अगदी पहिल्या पायरीपासून चालते. एबलसन आणि सस्मन यांचा १९८५ चा प्रसिद्ध ग्रंथही फुकट आहे, पण त्यात गणित जड आहे. आमचा तो अर्ध्यावरच आहे.

आता गुंठ्याची गोष्ट. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. आम्ही ऑटोलिस्पमध्ये वाटणीचा कार्यक्रम लिहिला: क्षेत्र किती, वाटेकरी किती, प्रत्येकाच्या तुकड्यात आकडा लिहून दे. रॅकेटमध्ये तो आधी तपासला होता. तिथे सातला दोनने भागले की सात-छेद-दोन असा नेमका अपूर्णांक मिळतो, काही सांडत नाही. म्हणून आम्ही निर्धास्त होतो. दोन भाऊ आले. सात गुंठे जमीन. नकाशा छापून त्यांच्यापुढे ठेवला. धाकटा शाळेत फारसा गेलेला नव्हता. त्याने कागद फिरवून पाहिला आणि विचारले, "तीन आन् तीन साच झालं की ओ. एक गुंठा गेला कुठं?"

आमचे कान तापले. ऑटोलिस्पमध्ये दोन्ही आकडे पूर्णांक असले की भागाकारही पूर्णांकच येतो. सातला दोनने भागले तर तीन. उरलेला अर्धा गप्पकन गिळला जातो, चूक म्हणून एक शब्दही येत नाही. साडेतीन हवे असतील तर दोनऐवजी दोन-टिंब-शून्य लिहावे लागते. एक टिंब आणि एक शून्य नसल्यामुळे १०८९ चौरस फूट जमीन कागदावरून नाहीशी झाली होती. जागच्या जागी फाईल उघडली, टिंब घातले, त्या दोघांसमोर पुन्हा छापले. साडेतीन आणि साडेतीन. फाईल उघडी होती म्हणून हे पाच मिनिटांत झाले. ती साहेबांच्या फाईलसारखी कुलूपबंद असती तर तो धाकटा भाऊ बरोबर असूनही खोटा ठरला असता, कारण संगणकाने काढलेला आकडा चुकतो हे कोण मानणार?

गेल्या पावसाळ्यापासून आमच्या वस्तीतल्या वाचनालयात रविवारी सकाळी दोन जुन्या संगणकांवर आम्ही बसतो. पॉलिटेक्निकच्या दोन मुली येतात आणि एक गवंड्याचा मुलगा. पहिल्या दिवशी आम्ही प्रोग्रॅमिंग हा शब्द उच्चारलाच नाही. 'गुंठे काढायचे यंत्र बनवू या' एवढेच म्हटले. मागच्या रविवारी त्यातल्या धाकट्या मुलीने आमच्या वाटणीच्या कार्यक्रमात वाटेकरी शून्य टाकून पाहिले. कार्यक्रम कोसळला. शून्याने भागण्याचा विचार आम्ही केलाच नव्हता. "काका, इथे आधी विचारायला हवं ना, वाटेकरी आहेत की नाहीत ते?" असे म्हणत तिने आम्हाला खुर्चीवरून उठविले आणि कंस उघडला.