सुईवर थांबलेले ११० टाके

कपाटाचा वरचा खण, पलंगाखालची ट्रंक, दाराच्या खुंटीवरची जुनी पिशवी. विणणाऱ्या माणसाच्या घरात अर्धवट विणकाम यांतल्या एका तरी जागी सापडतंच. कुठे बाह्यांवाचून राहिलेला स्वेटर, कुठे बाळंतविड्यातलं एकुलतं एक मोजं. आणि ज्या बाळासाठी ते विणायला घेतलं होतं, ते आता शाळेच्या बसची वाट बघत उभं असतं. हा पसारा दिसला की मन खट्टू होतं. पण त्यातला एखादा तुकडा उजेडात धरून नीट पाहावा. त्यात जे चाललंय ते थक्क करणारं आहे.

समजा, तो स्वेटरचा पुढचा भाग आहे. मध्यम जाडीच्या लोकरीत १० सेंटिमीटर रुंदीला साधारण २२ टाके बसतात आणि तेवढ्याच उंचीला ३० ओळी. म्हणजे ५० सेंटिमीटर रुंद आणि ६० सेंटिमीटर उंच भागात ११० टाके आणि १८० ओळी, एकूण १९,८०० टाके. गुंडे जोडताना मारलेल्या सोडल्या तर त्यात गाठ एकही नाही! टाका म्हणजे खालच्या टाक्यातून ओढून काढलेला धाग्याचा फास. तो सुटत नाही, कारण वरच्या ओळीतला फास त्याला धरून असतो. त्या वरच्याला त्याच्याही वरचा. अशी जबाबदारी ओळीओळीने वर सरकत शेवटी सुईवर येऊन थांबते. सगळं कापड त्या शेवटच्या ११० फासांच्या भरवशावर उभं असतं. सुई काढून धागा ओढा, जवळजवळ वीस हजार टाके एकामागून एक सुटतील आणि घातलेली सगळी लोकर हातात परत येईल.

हे सगळ्याच जुन्या हस्तकलांना जमत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तमधले तांबडे मोजे आहेत, इसवी सन २५० ते ४२० या काळातले. चपलेचा अंगठा बसावा म्हणून पुढे दुभागलेले. पाहणाऱ्याला वाटतं, दोन सुयांवर विणले असावेत. प्रत्यक्षात ते एकाच सुईने, धाग्याचे तुकडे जोडत, प्रत्येक टाक्यातून अख्खा धागा ओढून केलेले आहेत. असं काम धागा ओढून उसवत नाही. दोन सुयांची वीण त्यानंतर कित्येक शतकांनी आली आणि तिच्यासोबत ही माघारी फिरण्याची सोय आली. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांवर रेशनिंग सुरू झालं, लोकरीलाही कूपन लागू लागलं, तेव्हा घरोघरी जुने स्वेटर उसवून नवे विणले गेले. थोरल्याचा स्वेटर उसवून धाकट्याचा करण्याची रीत आपल्याकडेही होतीच.

मग हात मध्येच का थांबतो? कंटाळा हे उत्तर खरं असलं तरी अपुरं आहे. काही वेळा गणितच फसवतं. टोकापासून सुरू होणारी त्रिकोणी शाल घ्या. ओळ दर खेपेला थोडी थोडी रुंद होत जाते. २०० ओळींच्या शालीच्या शंभर ओळी झाल्या की वाटतं, अर्धं काम संपलं. टाके मोजले तर पाव भागच झालेला असतो! खरं अर्धं काम संपतं ते १४१व्या ओळीच्या आसपास. सुरुवातीला एका बैठकीत दहा-दहा ओळी उरकत होत्या, शेवटी एक ओळ संपता संपत नाही. माणूस आळशी झालेला नसतो, ओळ लांबलेली असते. शाली अर्ध्यावर सोडणाऱ्या सगळ्यांना मी या एका कारणावर माफ करून टाकते.

अडकण्याचं दुसरं कारण अगदी क्षुल्लक: सुईचा नंबर विसरणं. आपल्याकडे जुन्या ब्रिटिश पद्धतीचे नंबर अजून चालतात. त्यात नंबर वाढला की सुई बारीक होते. ८ नंबरची ४ मिलिमीटर, १० नंबरची सव्वातीन. मध्यंतरी कुणी त्या सुया दुसऱ्या कामाला काढून नेल्या आणि नंतर भलत्याच नंबरच्या हाती आल्या, तर कापडावर तिथे ठळक रेघ उमटते.

थांबलेलं काम डोक्यात घोळत मात्र राहतं. यावर मानसशास्त्रज्ञ ब्लूमा झायगार्निक यांनी बर्लिनमध्ये प्रयोग केले आणि १९२७ मध्ये ते प्रसिद्ध झाले. लोकांना छोटी छोटी कामं द्यायची, त्यातली निम्मी मध्येच थांबवायची आणि नंतर काय काय आठवतं ते विचारायचं. थांबवलेली कामं जास्त आठवली. पुढे इतरांनी हे प्रयोग केले तेव्हा दर वेळी तसंच निघालं असं नाही. पण त्याच प्रयोगशाळेतल्या मारिया ओव्हसियानकिना यांना दिसलेली गोष्ट जास्त टिकली: मोकळं सोडलं की माणसं थांबलेल्या कामाकडे आपणहून परत जातात, कुणी सांगितलं नसलं तरी. मसिकॅम्पो आणि बॉमाइस्टर या अमेरिकी संशोधकांनी २०११ मध्ये त्यात आणखी एक भर घातली. काम पुरं करायलाच हवं असं नाही. ते कधी, कुठे, कसं करायचं हे नेमकं ठरवलं तरी मनातली टोचणी कमी होते.

म्हणून पसारा काढून बसलात तर प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी टाका: सुईचा नंबर, कितवी ओळ, नमुना कुठला, पुढे काय करायचं. मग सुई मोकळी करा. वेगळ्या रंगाचा जाडसर दोरा दाभणात ओवून सुईवरचे सगळे टाके त्यावर उतरवून घ्या आणि दोऱ्याची टोकं बांधा. टाके वर्षानुवर्षं तसेच राहतील. जाळीदार वीण करणाऱ्या बायका चालू कामातही अधूनमधून एका ओळीतून असा दोरा घालून ठेवतात. चूक झाली तर बेधडक उसवायचं. दोरा आला की उसवण तिथेच थांबते.

काही पिशव्यांतलं काम पुरं करण्यात अर्थ नसतो. ते बाळाचं मोजं, किंवा आता कुणालाच न आवडणारा तो मोरपंखी रंग. ते उसवावं, आणि मजेत उसवावं. खरी लोकर असेल तर निघालेला धागा शेवयांसारखा कुरळा असतो. लोकर केरॅटिनची, आपल्या केसांसारखीच. तिच्या रेणूंमधले हायड्रोजन बंध वाकलेल्या अवस्थेत पक्के झालेले असतात, म्हणून धाग्याला टाक्यांचा आकार लक्षात राहतो. कोमट पाण्यात भिजवलं की ते बंध सुटतात, आणि लडी टांगून वाळवली की सरळ अवस्थेत पुन्हा जुळतात. दुकानातल्या स्वस्त गुंड्यांत बहुधा ॲक्रिलिक असतं. त्याला कसर लागत नाही, पण इस्त्रीच्या उष्णतेने ते कायमचं चपटं होतं.

उसवताना टोक मात्र बघून धरा. वीण सरसर उसवते ती विणून संपलेल्या बाजूने. जिथे पहिले टाके घातले त्या काठाकडून ओढाल तर धागा प्रत्येक वळणावर अडकेल, आणि अख्खी शेपटी फासाफासातून बाहेर काढत बसावं लागेल.