इंजिन ऑइलची निवड : डब्यावरील अक्षरांचा अर्थ

नांदेड व लातूर जिल्ह्यांत शेतीची मशागत आणि ऊसवाहतूक यांसाठी ट्रॅक्टर, तर टंचाईच्या काळात गावोगावी पाणी पोहोचविण्यासाठी टँकर वापरले जातात. या यंत्रांचे आयुष्य बऱ्याच अंशी इंजिन ऑइलवर अवलंबून असते. तथापि ऑइल खरेदी करताना किंमत व घट्टपणा एवढेच पाहण्याची प्रथा आहे. वस्तुतः डब्यावरील अक्षरे तीन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे देत असतात.

पहिला प्रश्न घट्टपणाचा. ‘एसएई १५डब्ल्यू-४०’ यातील ‘डब्ल्यू’पूर्वीचा आकडा थंडीत ऑइल कितपत वाहते हे सांगतो. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअस तपमानावरील घट्टपणा दर्शवितो. ‘४०’ करिता तो १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक इतका असतो. मराठवाड्याच्या कडक उन्हाळ्यात हा दुसरा आकडा महत्त्वाचा होय. परंतु ऑइल इंजिनची झीज किती रोखील, हे या आकड्यांवरून कळत नाही.

ते कळते दुसऱ्या खुणेवरून, म्हणजे ‘एपीआय’ दर्जावरून. यात ‘एस’ हे अक्षर पेट्रोल इंजिनासाठी व ‘सी’ हे डिझेल इंजिनासाठी असते. ‘सीआय-४’ हा दर्जा २००२ मध्ये, तर ‘सीके-४’ हा २०१६ मध्ये अंमलात आला. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज-६ निकष लागू झाल्यानंतर अनेक डिझेल वाहनांत काजळी अडविणारी गाळणी आली. गाळणीतील काजळी जळून जाते, ऑइलची राख मात्र तशीच साचते. म्हणूनच ‘सीके-४’मध्ये राखेचे प्रमाण कमाल १ टक्का ठरविलेले आहे. घट्टपणा सारखाच असला, तरी जुन्या दर्जाचे ऑइल अशा गाळणीस घातक ठरू शकते.

तिसरी खूण वाहननिर्मात्याच्या स्वतःच्या मानकाची. काही निर्माते सर्वसाधारण दर्जापलीकडे जाऊन स्वतःच्या चाचण्या लावतात. ‘मानकास अनुरूप’ हा ऑइल कंपनीचा दावा असतो. ‘निर्मात्याची मान्यता’ ही त्याहून वेगळी बाब आहे. मोटारसायकलींत बहुधा इंजिन व क्लच एकाच ऑइलमध्ये चालतात. त्यांना ‘जासो एमए’ किंवा ‘एमए-२’ ही खूण असलेले ऑइल लागते. मोटारीचे ऑइल घातल्यास क्लच घसरण्याचा संभव असतो.

ग्रामपंचायती व कार्यालये यांनी दरपत्रके मागविताना याची विशेष दखल घेणे इष्ट होय. केवळ ‘१५डब्ल्यू-४०’ एवढेच लिहिल्यास सर्वांत स्वस्त, पण अयोग्य ऑइलही पात्र ठरते. तेव्हा वाहनाच्या पुस्तिकेतील घट्टपणा, दर्जा व निर्मात्याचे मानक या तिन्ही बाबी मागणीपत्रात नमूद कराव्यात. निकामी झालेल्या टँकरच्या दुरुस्तीचा खर्च आणि तेवढे दिवस गावाला सोसावी लागणारी पाणीटंचाई यांपुढे डब्यामागे वाचलेले पैसे अगदीच क्षुल्लक ठरतात.