जुन्या घराची माडी

डहाणू आणि तलासरी या तालुक्यांत जुन्या घराची माडी नवी करावयाची, हा विषय प्रथमदर्शनीं केवळ घरगुती वाटतो. आजोबांच्या वेळचें घर. खालीं ओटी, माजघर आणि स्वयंपाकघर, वर लांकडी पाटाईची माडी आणि तिच्यावर कौलारू छप्पर. कुटुंब वाढतें, मुलाचें लग्न ठरतें, कोणी मुंबईची नोकरी संपवून कायमचा घरीं परततो, आणि मग एके दिवशीं जेवतांना माडीची गोष्ट निघते. कौलें गळतात, पाटाई करकरते, जिना अरुंद आहे. गवंडी येतो, वर पाहतो आणि एका वाक्यांत निकाल देतो: "हें सगळें काढून टाका आणि स्लॅब घाला." हा सल्ला इतका रूढ आणि दिसावयास इतका पक्का आहे, कीं त्याविषयीं दुसरा विचार करावा असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. परंतु या दोन तालुक्यांत तो दुसरा विचार अत्यंत अवश्य आहे. कारण येथील भूमि गेल्या कांहीं वर्षांत स्वस्थ राहिलेली नाहीं.

नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्याच्या या भागांत भूकंपाच्या धक्क्यांची मालिकाच सुरू झाली. डहाणू तालुक्यांतील धुंदलवाडी आणि तिच्या आसपासचीं गांवें हें तिचें मुख्य क्षेत्र. बहुतेक धक्के इतके सौम्य होते कीं ते यंत्रांनाच कळावे; परंतु कांहींची तीव्रता ४ च्या घरांत गेली. १ फेब्रुवारी २०१९ ही तारीख तेथील लोकांच्या ध्यानांत आहे. त्या एकाच दिवशीं अनेक धक्के बसले, आणि जीव घेऊन बाहेर पळण्याच्या गडबडींत एका लहान मुलीचा पडून मृत्यु झाला. ऐन थंडींत पुष्कळ कुटुंबें स्वतःचें घर उभें असतांना बाहेर तंबूंत निजत असत, आणि कांहीं ठिकाणीं शाळा उघड्यावर भरत.

अशा मालिकेचें वैशिष्ट्य असें, कीं तींत एक मोठा धक्का व मागून लहान धक्के असा नेहमींचा क्रम नसतो; बरोबरीचे लहानमोठे धक्के आठवडेच्या आठवडे, महिनेच्या महिने येत राहतात. पावसाचें पाणी खडकांच्या भेगांतून खोल झिरपतें आणि तेथील दाब वाढवितें, अशी एक उपपत्ति शास्त्रज्ञांनीं यासंबंधीं मांडलेली आहे. धक्क्यांचें उगमस्थान फार खोल नसल्यानें लहान धक्काहि वरच्या माणसास चांगलाच जाणवतो, आणि पुष्कळदां त्याबरोबर जमिनींतून गडगडाटासारखा आवाज ऐकूं येतो.

येथें तीव्रतेचा हिशेब समजून घेणें उपयोगी पडेल. भूकंपमापनांत आंकडा एकानें वाढला म्हणजे बाहेर पडणारी शक्ति सुमारें ३२ पट वाढते. दोनानें वाढला म्हणजे सुमारें १,००० पट. तेव्हां ४ तीव्रतेचा धक्का हा ६ तीव्रतेच्या भूकंपाचा हजारावा हिस्सा झाला. मग भिण्याचें कारण काय? एक तर असें, कीं शंभर वेळां हालविलेला खिळा जसा सैल होतो, तसे जुन्या घराचे सांधे लहान धक्क्यांनींच खिळखिळे होतात. दुसरें असें, कीं भारतीय मानक संस्थेच्या २०१६ च्या नकाशांत हा प्रदेश भूकंपाच्या तिसऱ्या वर्गांत, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यांत दाखविलेला आहे. उद्यांचा धक्का कालच्याएवढाच असेल, अशी हमी कोणतेंहि शास्त्र देत नाहीं.

आतां जुनें घर उभें कसें राहतें तें पाहूं. चांगल्या जुन्या घरांत वरचें ओझें मुख्यतः लांकूड वाहतें. जोत्यावर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर पाटाईच्या फळ्या. माडीवर पुन्हा खांब, आढें, वासे, रिपा आणि शेवटीं कौलें. मधल्या भिंती विटांच्या किंवा मातीच्या असतात. लांकडाचे सांधे थोडे हलतात, आणि हें हलणें हाच त्यांचा गुण आहे. धक्क्याचा जोर त्या हालचालींत जिरतो. आदिवासी पाड्यांवरील कुडाच्या भिंतींचें झोपडें याच न्यायानें टिकतें. मेढी डुलतात, कुडाचा लिंपलेला गिलावा फुटतो, पण आंतल्या माणसावर मोठें वजन कोसळत नाहीं.

याउलट कित्येक घरांत खांब नसून तुळया थेट भिंतींत टेकविलेल्या असतात, आणि त्या भिंती मातींत किंवा चुन्यांत रचलेल्या असतात. अशी भिंत वरून येणारें ओझें वर्षानुवर्षें निमूटपणें सोसते. पण बाजूनें आलेला धक्का तिला सोसत नाहीं. भूकंप नेमका बाजूनें ढकलतो, आणि त्याचा जोर घराच्या वजनाच्या प्रमाणांत असतो. जड वस्तु जितकी उंचावर, तितकें तिचें हेलकावणें खालच्या भिंतींना अधिक जाचक. डोक्यावर घागर घेतलेल्या बाईला भरलेली आणि रिकामी घागर यांतील फरक निसरड्या वाटेवर जसा कळतो, तसाच हा प्रकार आहे.

हें आंकड्यांनीं मांडूं. माडी ३० फूट लांब आणि २० फूट रुंद, म्हणजे ६०० चौरस फूट धरली, तर कौलें, रिपा, वासे मिळून तिच्या छपराचें वजन सुमारें चार ते साडेचार टन भरतें. त्याच जागीं पांच इंच जाडीचा सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब घातला, तर तो एकटाच साडेसतरा टनांच्या आसपास जातो. गळती थांबविण्याचा वरचा थर धरल्यास बेरीज तेवीस टनांवर पोंचते. म्हणजे डोक्यावरचें ओझें पांचपट झालें. धक्क्यानें वजनाच्या एकदशांशाइतका जोर बाजूनें लावला, असें उदाहरणादाखल मानलें, तर पूर्वीं भिंतींना अर्ध्या टनाहून कमी जोर सोसावा लागत होता, आतां दोन टनांहून अधिक सोसावा लागेल. भिंती मात्र आजोबांच्याच. गच्चीवर हजार लिटरची पाण्याची टाकी बसविली, कीं आणखी एक टन. खोली दुभागण्यासाठीं पाटाईवर दहा फूट लांब आणि नऊ फूट उंच अशी नऊ इंची विटांची भिंत घातली, तर साडेतीन टनांवर वजन एका तुळईच्या माथीं बसलें.

हा केवळ कागदावरचा हिशेब नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहांटे किल्लारीच्या परिसरांत जी हजारों माणसें दगावलीं, त्यांतील बहुतेक भूमीनें नव्हे तर घरांनीं मारलीं. मातींत रचलेल्या दगडांच्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती आणि वर मातीचे थर दिलेलें जड माळवद, अशी तेथील घरांची रचना होती. कांहीं घरांत मात्र भिंती ढासळूनहि आंतील लांकडी खण उभे राहिले आणि त्यांनीं छप्पर तोलून धरलें. दूरदेशींचा अनुभवहि असाच आहे. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपांत पोर्तुगालची राजधानी लिस्बन उद्ध्वस्त झाली, तेव्हां नगर पुन्हा उभारतांना तेथील स्थपतींनीं भिंतींच्या पोटांत तिरप्या आडव्यांचा लांकडी पिंजरा घालण्याची पद्धति ठरविली. काश्मिरांत लांकडी चौकटींत लहान-लहान चौकोन पाडून ते विटा-दगडांनीं भरण्याची जुनी चाल आहे. २००५ च्या भूकंपानंतर तिचा पुष्कळ गौरव झाला. तेव्हां लांकडी माडी ही मागासलेपणाची खूण समजून लाजण्याचें कारण नाहीं.

याचा अर्थ स्लॅब वाईट असा मुळींच नाहीं. पायापासून माथ्यापर्यंत स्वतःचे खांब, तुळया आणि योग्य लोखंड असलेली, जाणत्या इंजिनियरनें आंखलेली नवी इमारत भूकंपांत उत्तम टिकते. दोष आहे तो जुन्या भिंतींवर नवा स्लॅब टेकविण्यांत. अर्धें घर जुनें व अर्धें काँक्रीटचें, अशी जोडणीहि तितकीच वाईट. दोहोंचें हलणें वेगळ्या गतीचें असल्यानें तीं एकमेकांवर आदळतात. जोडावयाचेंच असेल तर दोहोंमध्यें मोकळी फट ठेवावी लागते. समुद्रकांठच्या घरांना आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवावी लागते. खाऱ्या हवेनें काँक्रीटमधील लोखंड गंजतें, गंजलेलें लोखंड फुगतें आणि काँक्रीटचे पापुद्रे सुटतात. रेती खारट असेल तर हें फार लवकर घडतें.

मग माडी सुधारावी कशी? प्रथम तपासणी. सुताराला घेऊन प्रत्येक तुळईचें भिंतींत शिरलेलें टोंक उघडें करून पाहावें. कारण पावसाची ओल तेथेंच मुरते आणि कूज व वाळवी यांचा आरंभ तेथूनच होतो. दाभण टोंचून पाहिली असतां ती सहज आंत गेली, किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला, तर तें लांकूड निकामी समजावें. मधला भाग सुदृढ असल्यास केवळ टोंक कापून नवें लांकूड लोखंडी पट्ट्या व बोल्ट यांनीं जोडतां येतें. सबंध तुळई टाकण्याची गरज नसते. ही तपासणी न करतां रंग आणि नव्या फरशा यांवर पैसा घालणें म्हणजे वरून कीर्तन, आंतून तमाशा!

दुसरी गोष्ट बांधणी. घरांतील प्रत्येक भाग शेजारच्या भागाशीं बांधलेला असला पाहिजे. खांब व तुळई यांचे सांधे नुसत्या खिळ्यांवर न सोडतां लोखंडी पट्टीनें आवळावे. तुळया भिंतीशीं जखडाव्या. भिंतींच्या माथ्यावर घराभोंवतीं एक अखंड पट्टा फिरवावा. छपराच्या दोन टोंकांस विटांची जी उंच त्रिकोणी भिंत असते ती धक्क्यांत सर्वांआधीं बाहेर पडते. तिचा वरचा भाग उतरवून तेथें फळ्या माराव्या हें उत्तम, नाहीं तर ती वाशांशीं पक्की बांधावी. पाटाईवर तिरप्या फळ्यांचा दुसरा थर ठोकला, म्हणजे करकरणें थांबतें आणि सबंध तळ एका ताटासारखा एकजीव होतो. दुबळ्या इमारतींच्या दुरुस्तीविषयीं मानक संस्थेची १३९३५ क्रमांकाची संहिता आहे. इंजिनियरकडे तिचा उल्लेख अवश्य करावा.

तिसरी गोष्ट हलकेपणा. छप्पर कौलांचेंच ठेवून, खराब वासे बदलून, खालीं फळ्यांची तक्तपोशी केली तर माडी गळत नाहीं आणि उन्हाळ्यांत तापतहि कमी. कडेच्या कौलांच्या ओळी तारेनें बांधाव्या. खोल्या पाडावयाच्या त्या लांकडी चौकटीच्या हलक्या पडद्यांनीं. वर न्हाणीघर हवेंच असेल तर तें खालच्या भक्कम भिंतींच्या कोपऱ्यावर असावें, आणि तळ उंच करण्यासाठीं विटांचे तुकडे भरूं नयेत. पाण्याची टाकी माडीवर न ठेवतां अंगणांत स्वतंत्र मनोऱ्यावर ठेवावी. मातींतील भिंतींना सिमेंटचा कठीण गिलावा देण्यापेक्षां चुन्याचा द्यावा. तो भिंतीला श्वास घेऊं देतो आणि ओल आंत कोंडत नाहीं.

शेवटची गोष्ट जिना. माडीच्या सुधारणेंत पलंग, कपाटें, खिडक्या यांचा विचार होतो, पण मध्यरात्रीं घर हललें तर वरचीं माणसें खालीं कशीं येतील, याचा होत नाहीं. जुना जिना उभा, अंधारा आणि बिनकठड्याचा असतो. तो रुंद करावा, पायऱ्या समान उंचीच्या कराव्या, दोन्ही बाजूंस धरावयास कठडा द्यावा आणि वाटेंत अडगळ ठेवूं नये. तरीहि जमीन हलत असतांना जिन्यावर धांवणें धोक्याचेंच. त्या कांहीं क्षणांत भक्कम टेबलाखालीं बसून राहावें आणि हलणें थांबल्यावर उतरावें. उंच कपाटें भिंतीस अडकवून ठेवावीं आणि निजण्याची जागा त्यांच्यापासून दूर असावी. लहान मुलें आणि वृद्ध यांची शेजघरें होतां होईतों खालींच असावीं.

काम हातीं घेण्यापूर्वीं नगरपरिषदेची किंवा ग्रामपंचायतीची रीतसर परवानगी घ्यावी. डहाणू तालुका जून १९९१ च्या अधिसूचनेनें पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झालेला आहे, आणि किनाऱ्यालगतच्या बांधकामास वेगळे निर्बंध आहेत. मागाहून अडचणींत पडण्यापेक्षां आधीं विचारलेलें बरें. कामाचा काळ दिवाळीनंतरचा घ्यावा, म्हणजे छप्पर उघडें असतांना पाऊस गांठत नाहीं आणि लांकूडहि कोरडें मिळतें. जाणत्या सुताराला चार दिवसांची मजुरी जास्त द्यावी लागली तरी ती द्यावी, आणि त्यानें बदललेल्या प्रत्येक तुळईची नोंद घरच्या वहींत ठेवावी. पुढच्या पिढीनें पुन्हा माडीचा विषय काढला, तर कोठें काय बदललें आहे हें तिला त्या वहीवरून समजेल.