टॅग पेटीवर, माल पेटीत : अन्नाचा माग रेडिओलहरींनी

विषयाचं नाव जड आहे, म्हणून ओळखीच्या वस्तूपासून सुरुवात करू. इथे गाडी घेऊन आलेल्या बहुतेकांच्या काचेवर फास्टॅग असेल. टोलनाक्यावर काच खाली न करता पैसे वळते होतात. त्या स्टिकरमध्ये बॅटरी नाही, सिमकार्ड नाही आणि तुमचे पैसेही नाहीत. त्यात आहे एक नंबर. पैसे बँकेत, नंबर काचेवर. ही विभागणी लक्षात ठेवा, कारण आजचं सगळं बोलणं तिच्याभोवतीच फिरणार आहे.

बॅटरी नसताना तो स्टिकर बोलतो कसा? लहानपणी आपण सगळ्यांनी आरशाने समोरच्या भिंतीवर कवडसा पाडलेला आहे. प्रकाश सूर्याचा, आपण फक्त आरसा हलवायचो. इथे सूर्याच्या जागी रीडर आहे. तो रेडिओलहरी सोडतो. टॅगमधली पातळ धातूची अँटेना त्यातली अगदी किंचित ऊर्जा पकडते, म्हणजे एका वॉटच्या लाखाव्या भागाच्या आसपास. तेवढ्यावर तिळाहून लहान चिप जागी होते आणि अँटेनाची स्थिती भराभर बदलत परत जाणारी लहर कमीजास्त करते. रीडर त्या लुकलुकण्यातून नंबर वाचतो. परत फेकलेल्या लहरींनी संदेश पाठवता येतो हे हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ सालीच मांडलं होतं. स्वस्त चिप मिळायला पुढची पन्नासेक वर्षं गेली.

आता कोणी म्हणेल, हे काम बारकोड करतोच की. करतो, आणि उत्तम करतो. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत ओहायोतल्या एका दुकानात च्युइंगगमचं पाकीट पहिल्यांदा बारकोडने विकलं गेलं, तेव्हापासून तो टिकून आहे. पण दुकानातल्या साध्या बारकोडमध्ये फक्त 'हा अमुक कंपनीचा, अमुक वजनाचा बिस्किटपुडा' एवढंच असतं. त्या जातीचे सगळे पुडे त्याच्या लेखी सारखेच. रेडिओ टॅगमधल्या ९६ बिटांच्या नंबरात कंपनी आणि माल यांच्यापुढे त्या एकाच नगाचा क्रमांकही मावतो. शिवाय बारकोड दिसावा लागतो, एकेक समोर धरावा लागतो. टॅगच्या बाबतीत ट्रॉली दारातून ढकलली की सेकंदाला शेकड्यांनी नंबर वाचले जातात.

शेकडो टॅग एकदम बोलले तर गोंधळ नाही का होणार? होतोच. म्हणून रीडर वर्गातल्या बाईंसारखं करतो: 'प्रत्येकाने मनात एक आकडा धरा, आता मी मोजते, आपला आकडा आला की बोला.' दोघांचा आकडा एकच निघाला तर त्यांची पुन्हा फेरी. आकडे किती ठेवायचे हे रीडर गर्दी पाहून ठरवतो. या युक्तीचं मूळ हवाई बेटांवरच्या विद्यापीठाने १९७१च्या सुमारास उभारलेल्या 'अलोहा' नावाच्या रेडिओ जाळ्यात आहे.

इथपर्यंत ऐकून वाटेल की मग अडलंय कुठे, लावा टॅग प्रत्येक टोमॅटोच्या पेटीला! तर अडलंय टोमॅटोतच. फास्टॅगवाला पट्टा भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा. २००५ साली तो विनापरवाना वापरायला खुला झाला. त्याची लहर साधारण ३५ सेंटिमीटर लांबीची असते. या लहरी पाणी शोषून घेतं आणि धातू परतवून लावतो. आणि अन्न म्हणजे काय? द्राक्ष, दूध, मासळी, मटण, सगळं मुख्यतः पाणी, आणि राहिलेलं पत्र्याच्या डब्यात. कपड्यांच्या दुकानात हे तंत्र वीस वर्षांत मुरलं आणि किराण्यात रखडलं, याचं एक मोठं कारण हे साधं भौतिकशास्त्र आहे. शर्ट कोरडा असतो.

यावर वाटा आहेत. टॅग आणि माल यांच्यामध्ये थोडी हवा ठेवायची, पेटीच्या कोपऱ्यात लावायचा, अँटेनाचा आकारच पाण्याजवळ चालेल असा घडवायचा. किंवा लहरच बदलायची. जनावरांच्या कानातले इलेक्ट्रॉनिक बिल्ले १३४.२ किलोहर्ट्झवर चालतात. ती लहर ओल्या अंगाला जुमानत नाही, मात्र बिल्ला हातभर अंतरावरूनच वाचावा लागतो. गाय एकेक करून फाटकातून जाते, त्यामुळे ते चालतं. ऑस्ट्रेलियाने २००५ पासून देशभरातल्या गुरांना असे बिल्ले सक्तीचे केले, म्हणून तिथे मांसाच्या धंद्यात जनावर कुठल्या कुठल्या गोठ्यांतून फिरलं ते सांगता येतं. आपल्याकडच्या गाईम्हशींच्या कानातला पिवळा बिल्ला वेगळा. त्यावर बारा आकडी क्रमांक आणि बारकोड असतो, रेडिओ नसतो.

दुसरी अडचण पैशाची. वॉलमार्टने २००३ साली आपल्या शंभर मोठ्या पुरवठादारांना सांगितलं की जानेवारी २००५ पासून खोक्यांवर आणि पॅलेटवर टॅग हवेत. फार गाजावाजा झाला. पुरवठादारांनी हिशेब केला: टॅग आमच्या खर्चाने, फायदा तुमच्या गोदामाला. ती मोहीम हळूहळू थंडावली. जपानमध्ये २०१७ साली सरकार आणि पाच मोठ्या दुकान-साखळ्यांनी मिळून जाहीर केलं की २०२५ पर्यंत वर्षाला शंभर अब्ज मालावर टॅग लावू. अट एकच, टॅग एका येनला मिळाला पाहिजे. २०२५ उलटून गेलं, एक येनचा टॅग काही आला नाही. त्यात तिथली माणसं जेवणाचा डबा दुकानातच मायक्रोवेव्हमध्ये गरम करून घेतात, आणि धातूची अँटेना मायक्रोवेव्हमध्ये गेली की ठिणग्या!

आमच्या मते अन्नाच्या व्यवहारात टॅगची खरी जागा वस्तूवर नाही, क्रेटवर आहे. प्लास्टिकचा क्रेट शेकडो फेऱ्या करतो, म्हणजे टॅगचे काही रुपये तेवढ्या फेऱ्यांत वाटले जातात. मार्क्स अँड स्पेन्सरने ब्रिटनमध्ये वीसेक वर्षांपूर्वीच थंड खाद्यपदार्थांच्या लाखो ट्रेंवर टॅग लावले होते. हल्ली अमेरिकेत क्रोगर आणि वॉलमार्ट बेकरी व मांसाच्या पाकिटांवर टॅग आणत आहेत ते तारखेसाठी: कुठलं पाकीट उद्या संपणार हे कळलं तर आज किंमत उतरवता येते. 'आधी आलं ते आधी विका' याऐवजी 'आधी संपणार ते आधी विका'. एवढ्या फरकाने बरंच अन्न कचऱ्यात जायचं वाचू शकतं.

आता ज्यासाठी तुम्ही आलात त्या द्राक्षांकडे वळू. २००३ साली युरोपात भारतीय द्राक्षांत कीडनाशकांचे अंश सापडले आणि निर्यातीला मोठा हादरा बसला. तेव्हा प्रश्न होता की कुणाच्या बागेतले? उत्तर नव्हतं, म्हणून सगळ्यांचाच माल संशयात. असंच २००६ साली अमेरिकेत झालं. पालकाच्या पाकिटांतून ई. कोलाय जंतू पसरले, सुमारे दोनशे जण आजारी पडले, तीन दगावले. सरकारने सांगितलं, पाकिटबंद पालक कुणी खाऊच नका. आजाऱ्यांच्या फ्रिजमध्ये उरलेल्या पाकिटांवरच्या छापील कोडवरून माग कॅलिफोर्नियातल्या एका शेतापर्यंत गेला, पण तोवर ज्यांचा काही संबंध नव्हता त्यांचाही पालक फेकला गेला होता. माग काढता येणं म्हणजे दोषी शोधणं एवढंच नव्हे. निर्दोष माणसाला पटकन बाजूला काढता येणंही आहे.

आपल्याकडे अपेडाने २००६ साली 'ग्रेपनेट' सुरू केलं. बागेची नोंदणी, नमुन्याची मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासणी, दाखले, आणि पेटीवरून थेट प्लॉटपर्यंत मागे जाण्याची सोय. हे सगळं बारकोडवर, रेडिओशिवाय. टॅग विकणारे हे सांगत नाहीत, म्हणून आम्ही सांगतो: माग काढणं ही आधी नोंदवहीची शिस्त आहे, लहरींचा नंबर नंतर.

आणि २०१० साली काय झालं आठवा. युरोपात द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढरोधक सापडलं, कंटेनर अडकले, बागायतदारांचे पैसे बुडाले. ग्रेपनेट तेव्हा चालू होतं. प्रत्येक पेटी कुठल्या बागेतली हे माहीत होतं. पण तपासायच्या रसायनांच्या यादीत हे नाव नव्हतं. जे विचारलंच नाही त्याचं उत्तर टॅग कसा देणार? त्यातला नंबर बिनचूक असू शकतो आणि पेटीतला माल तरीही सदोष.

मग रेडिओ टॅग इथे कशाला? वाटेत काय घडलं ते कळायला. तोडलेली द्राक्षं चार-सहा तासांत प्री-कूलिंगला जावी लागतात, पुढे शून्य अंशाच्या आसपास राहावी लागतात. मध्ये ट्रक उन्हात उभा राहिला की देठ तपकिरी पडतो, मणी गळायला लागतात. हे दिसतं मात्र रॉटरडॅमला पेटी उघडल्यावर. तापमान नोंदवणाऱ्या टॅगमध्ये पातळ बॅटरी आणि सेन्सर असतो, तो ठरावीक मिनिटांनी आकडा लिहून ठेवतो, आणि पेटी न फोडता तो वाचता येतो. भरलेल्या कंटेनरच्या मधोमध असताना नाही हं. सगळीकडे पाणीच पाणी! पण दारातून पॅलेट बाहेर निघताना वाचता येतो. म्हणजे बिघाड पॅकहाऊसला झाला, न्हावा शेवाला झाला की बोटीवर, हे आकड्याने सांगता येतं.

दुधाचं मात्र असं होणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. गावच्या संकलन केंद्रावर साठ घरांचं दूध एका टाकीत पडलं की तिथे माग थांबला. त्याच्या पुढे टँकरला कितीही भारी टॅग लावा, तो टँकरबद्दलच बोलेल. मोजमाप आणि तपासणी टाकीत ओतण्याआधी व्हायला हवी. धान्याचंही तेच.

(श्रोत्यांतून प्रश्न : पेटीतले आंबे बदलून दुसरे भरले तर टॅगला कळतं का?)

नाही. हापूसच्या पेटीत दुसरा आंबा भरणाऱ्याला टॅग अडवू शकत नाही. उघडताना फाटणारा टॅग लावला तर पेटी फोडल्याचं कळतं, इतकंच. पेटीवर नंबर असतो, चव फळात असते.

(प्रश्न : या सगळ्याचा खर्च शेवटी शेतकऱ्याच्याच अंगावर येणार ना?)

तो येऊ नये असं आम्हाला वाटतं, पण वाटून काय होतं! आज बहुधा असं दिसतं की माल रिजेक्ट झाला की कापणी बागायतदाराच्या पट्टीत होते, मग चूक वाहतुकीची का असेना. तापमानाची नोंद असेल तर वाद घालायला हातात कागद येतो. फक्त ती नोंद कुणाच्या ताब्यात आहे ते बघा. ती निर्यातदाराच्याच संगणकावर राहिली आणि त्याला सोयीची तेवढीच बाहेर आली, तर टॅगचा खर्च आपण केला आणि पुरावा दुसऱ्याचा झाला. व्यवहार ठरवताना दराबरोबर दोन ओळी लिहून घ्या: टॅगचे पैसे कोण देणार, आणि माल उतरल्यावर तापमानाची संपूर्ण नोंद बागायतदाराला किती दिवसांत मिळणार. पंधरा-वीस जणांनी गटाने मागितली तर ती मिळण्याची शक्यता जास्त. पुढचा प्रश्न घेऊ या.

(ध्वनिमुद्रण इथे संपते.)