मोरीची साक्ष : मोहेंजोदडो येथील सांडपाण्याची व्यवस्था

जुन्या वास्तूची पाहणी करितांना संशोधकाची दृष्टि प्रथम शिलालेखाकडे, कोरीव तुळईकडे किंवा माळ्यावरील दप्तराकडे वळते. मोरीकडे सहसा कोणी पाहत नाहीं. हें स्वाभाविक असलें तरी इष्ट नाहीं. महजर बनावट निघतात, वंशावळींत मागाहून नांवें घुसडलीं जातात. परंतु पाणी उताराच्या उलट कधींहि वाहत नाहीं. म्हणून मोरीची साक्ष कोणाच्या सोयीसाठीं फिरवितां येत नाहीं. ती कशी वाचावी, हें सिंधमधील (आतां पाकिस्तानांतील) मोहेंजोदडोच्या उदाहरणानें दाखविण्याचें आम्ही योजिलें आहे.

घरांतील सांडपाणी निर्वेध बाहेर जाण्यास चार गोष्टी लागतात. पहिली उतार. तो अपुरा असल्यास गाळ तळाशीं बसतो. ४ इंची नळास ४० फुटांत १ फूट व ६ इंची नळास ६० फुटांत १ फूट हा कारागिरांचा रूढ ठोकताळा आहे. दुसरी, गाळ अडविण्याची व उपसण्याची जागा. तिसरी, दुर्गंधी घरांत परत न येण्यासाठीं नळीस दिलेला वांक. त्यांत सदैव राहणारें पाणी वायूची वाट बंद करितें. चौथी, छपरावर उघडणारी वायुनलिका. वरून पाण्याचा लोट कोसळला म्हणजे त्याच्या ओढीनें वांकांतील पाणीहि निघून जातें. वायुनलिकेंतून बाहेरची हवा आंत आल्यास तें टळतें.

मोहेंजोदडोची वस्ती सुमारें इ. स. पू. २६०० ते १९०० या काळांतील. यांपैकीं पहिल्या दोन गोष्टी तेथें उत्तम साधलेल्या दिसतात. नहाणीची जमीन भाजलेल्या विटा अगदीं सांधेबंद बसवून केलेली असून ती निकासाकडे किंचित् उतरती आहे. वरच्या मजल्यावरील पाण्यासाठीं भिंतींत मातीचे भाजलेले नळ उभे बसविलेले आढळतात. एकाचें टोंक दुसऱ्याच्या रुंद तोंडांत बसतें. भिंतींतील निकासांतून पाणी गल्लींतील नालींत जाई. जेथें नाली नसे तेथें तें बाहेर ठेविलेल्या रांजणांत किंवा खड्ड्यांत पडे. नाल्यांवर विटांचें अथवा दगडी फरशांचें झांकण असे व तें उचलून आंतील गाळ काढतां येई. मधून मधून खोल कुंड्या ठेविल्या होत्या. जड गाळ त्यांच्या तळाशीं राही व वरचें पाणी पुढें जाई. पाणी कोंडणारा वांक मात्र तेथें आढळलेला नाहीं. शौचपात्राखालीं अशा वांकाची योजना लंडन येथील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यानें इ. स. १७७५ मध्यें पेटंट करून घेतली.

आतां साक्षीचा भाग. शतकानुशतकें रस्ते उंच होत गेले, तसतशा नाल्याहि वर वर बांधाव्या लागल्या. विहिरींचे कांठहि चढवीत नेले. म्हणूनच भोंवतालची माती काढल्यावर त्या आज मनोऱ्यांसारख्या उभ्या दिसतात. यावरून एक नियम निघतो : घराच्या मोरीचें तोंड समोरच्या नालीच्या तळाहून खालीं असेल, तर ती मोरी त्या नालीसाठीं बांधलेली नव्हे; बहुधा ती पूर्वीच्या खालच्या नालीची सोबतीण होय. मात्र भिंत खचलेली नाहीं ना आणि मोरी मागाहून फोडलेली नाहीं ना, हें सांधे पाहून आधीं ठरविलें पाहिजे.

एकाच पुराव्यावर विसंबणें किती धोक्याचें असतें, हें याच स्थळाच्या इतिहासावरून कळतें. इ. स. १९११-१२ मध्यें प्रो. देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनीं हें स्थळ पाहिलें आणि स्थानिक आख्यायिका व विटांचें अर्वाचीन रूप लक्षांत घेऊन तें सुमारें २०० वर्षांचेंच असावें असा अभिप्राय दिला. इ. स. १९२२ मध्यें राखालदास बॅनर्जी यांनीं तेथें उत्खनन आरंभिलें आणि १९२४ मध्यें सर जॉन मार्शल यांनीं या प्राचीन संस्कृतीची वार्ता जगास दिली. भांडारकरांसारख्या चतुरस्र पंडितास दोष देण्याचें कारण नाहीं; ज्या थरांनीं व नाल्यांनीं उत्तर दिलें असतें ते त्या वेळीं मातीखालीं होते. विटेनें एकटीनें काळ सांगूं नये, एवढाच यांतील बोध.

आपल्याकडील वाडा पाडला जातो तेव्हां दप्तर वांचविण्याची धांवपळ होते, ती योग्यच आहे. पण फरशी उखडली कीं मोरीचा उतार कायमचा नाहींसा होतो आणि त्याची दुसरी प्रत कोठेंहि नसते. म्हणून संग्राहकांनीं मोरीची रुंदी, बांधणीचें साहित्य, दोन्ही टोंकांची उंची, त्यांमधील अंतर व गल्लीची पातळी एवढें तरी टिपून ठेवावें. त्यास एक दोरी, एक पाणसळ व अर्धा तास पुरतो. शिवाय झिरपणारी मोरी ज्या भिंतीमागें असते त्या भिंतीशीं ठेवलेल्या रुमालांस ओल व वाळवी प्रथम गांठते. तेव्हां मोरी पाहणें हें दप्तर राखण्याचेंच एक अंग आहे.