कमानीचा पाया



रबीउल अव्वलचा चांद दिसला की आपल्या मोहल्ल्याचे रूप पालटू लागते. घराघरांवर झेंडे लागतात. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पताका बांधल्या जातात. चौकात विजेच्या दिव्यांच्या माळा लुकलुकतात. रस्त्याच्या कडेला खांब उभे करून त्यांवर चांद-ताऱ्याचे फलक लावले जातात. हे सारे तुम्ही मान वर करून पाहता. पण तो खांब कशावर उभा आहे, हे तुम्ही कधी खाली वाकून पाहिले आहे का?

मीही कधी पाहिले नव्हते. एका वर्षी आमच्याच मोहल्ल्यात फजिती झाली, तेव्हा मात्र पाहावे लागले.

पूर्वी खांब रोवण्यासाठी सब्बलीने रस्त्यात खड्डा खणत. आता गल्लोगल्ली सिमेंटचे रस्ते झाले आहेत. ते फोडले तर सण चार दिवसांचा आणि खड्डा वर्षभराचा, असे होते. म्हणून आम्ही न खणता खांब उभे करायचे ठरवले. गोडेतेलाचे पंधरा किलोचे रिकामे डबे आणले. डब्याच्या मधोमध पाइप धरला आणि भोवती काँक्रीट भरले. काँक्रीटने काठोकाठ भरलेला असा डबा सुमारे ४० किलोचा होतो. तो उचलताना दोघांना घाम फुटला. आता हा हलणे शक्य नाही, असे मी मुलांना मोठ्या ऐटीत सांगितले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आभाळ भरून आले. पावसाआधी वाऱ्याचा एक झोत आला आणि आमचा एक खांब डब्यासकट आडवा झाला. फलक फुटला, दिव्यांची माळ तुटली. फलकाची कड सातवीतल्या एका मुलाच्या खांद्याला लागली. दुखापत थोडीच होती. हातभर इकडे असता तर डोक्याला लागली असती. त्या रात्री मला नीट झोप आली नाही.

येथे एक गोष्ट लक्षात घ्या. उर्दूत आपण हवा हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरतो. मराठीत मात्र वाहणाऱ्या हवेला वारा म्हणतात. हवा आपल्या भोवती नेहमीच असते. वारा मात्र ढकलतो.

आमच्या मोहल्ल्यात एक वयस्कर मिस्त्री राहतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात. मी त्यांना विचारले, “चाचा, चाळीस किलोचा डबा पडलाच कसा? आणखी जड हवा होता का?”

चाचांनी शेजारच्या ढिगातून एक वीट उचलली. ती जमिनीवर उभी ठेवली आणि वरच्या टोकाला बोट लावले. वीट पडली. मग तीच वीट त्यांनी आडवी, पालथी ठेवली. “आता पाडा, सर,” ते म्हणाले. मी बोटाने ढकलले. वीट थोडी सरकली, पण उलटली नाही.

“वीट तीच, वजन तेच,” चाचा म्हणाले. “तुमचा डबा जड होता, सर. पण त्याचा पाय चिमुकला होता.”

हा प्रयोग तुम्हीही करून पाहा. त्यामागचे कारण तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात तरफेच्या पाठात आहे. वारा फलकाला ढकलतो, तेव्हा खांब डब्याच्या तळाच्या एका कडेवर कलू लागतो. ती कड म्हणजे तरफेचा टेकू. वाऱ्याचा रेटा वरून खांबाला उलटवू पाहतो. डब्याचे वजन त्याला मागे खेचते. वाऱ्याची ताकद किती? रेटा गुणिले उंची. डब्याची ताकद किती? वजन गुणिले तळाच्या मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर. ज्याचा गुणाकार मोठा, तो जिंकतो.

आता आमचा हिशेब करू. ताशी ४० किलोमीटरचा वारा समोरच्या पृष्ठभागावर दर चौरस मीटरला साधारण साडेसात किलोचा रेटा देतो. आमचा फलक तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद होता, म्हणजे अर्ध्या चौरस मीटरहून थोडा मोठा. त्यावर सुमारे ४ किलोचा रेटा आला. फलकाचा मध्य जमिनीपासून २०० सेंटीमीटर उंच होता. ४ गुणिले २०० म्हणजे ८००. डब्याचा तळ जेमतेम २४ सेंटीमीटर रुंद, त्याचे निम्मे १२. ४० गुणिले १२ म्हणजे ४८०. वारा ८०० आणि डबा ४८०! खांब पडला यात नवल नव्हते. तो आदल्या दिवशी उभा राहिला, हेच नवल.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ४० किलोमीटरला साडेसात किलो, तर ८० किलोमीटरला तीस किलो. म्हणून सकाळच्या झुळकीत डौलाने उभा असलेला खांब संध्याकाळच्या वावटळीत टिकेलच असे नाही. बुलढाणा शहर अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसले आहे. राजूर घाट चढून वर आलात की वारा कसा लागतो, हे तुम्हांला ठाऊकच आहे.

मोठ्या फलकांच्या बाबतीत हा हिशेब चुकला तर काय होते, हे साऱ्या देशाने पाहिले आहे. १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे वादळी वाऱ्याने एक प्रचंड जाहिरात फलक पेट्रोल पंपावर कोसळला. त्याखाली सापडून १७ जण मरण पावले. तो फलक सुमारे १२० फूट लांब आणि तितकाच उंच होता. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यातही एवढ्या फलकावर बावीस टनांहून अधिक रेटा येतो. त्याचा पाया पुरेसा नव्हता, असे तपासणीत आढळले. त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये चेन्नईत लग्नानिमित्त रस्त्यात लावलेला एक फलक स्कूटरवरून जाणाऱ्या २३ वर्षांच्या तरुणीवर पडला. ती खाली पडली आणि मागून येणाऱ्या टँकरखाली सापडून तिचा मृत्यू झाला. तो फलक काही घाटकोपरइतका मोठा नव्हता. शोभेसाठीच लावलेला होता.

उर्दूत आपण ज्याला बुनियाद म्हणतो, त्याला मराठीत पाया म्हणतात. चाचांनी आम्हांला नवा पाया करायला शिकवले. त्यांनी डब्याऐवजी दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि फक्त दोन इंच जाड अशी लादी करायला सांगितली. तिचे वजन सुमारे ४५ किलो भरते, म्हणजे डब्यापेक्षा थोडेच जास्त. पण मध्यापासून कडेपर्यंतचे अंतर ३० सेंटीमीटर आहे. ४५ गुणिले ३० म्हणजे १३५०. जवळजवळ तेवढ्याच मालात ताकद तिपटीच्या जवळ गेली!

एका लादीला सामान फार लागत नाही. चार लिटरचा एक डबा माप म्हणून घ्या. एक डबा सिमेंट, दोन डबे रेती आणि चार डबे बारीक गिट्टी, एवढ्यात एक लादी होते. सिमेंट सहा किलोच्या आसपास लागते, म्हणून ५० किलोच्या एका गोणीत आठ लाद्या निघतात. आपल्याकडची गिट्टी काळ्या पाषाणाची असते. हा पाषाण म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी थंड झालेला लाव्हारस. लोणारचे सरोवर याच पाषाणात आहे. तो जड असतो, आणि आपल्याला येथे जडच हवा.

चार फळ्यांची चौकट जुन्या प्लॅस्टिकवर ठेवा. फळ्यांना आतून जळके ऑइल लावा, म्हणजे काँक्रीट चिकटत नाही. खांब बसवण्यासाठी फूटभर लांबीचा लोखंडी पाइप घ्या. त्याच्या खालच्या टोकाला सळईचे दीड फुटाचे दोन तुकडे फुलीसारखे वेल्डिंग करून आणा. ही फुली नसली तर पातळ लादीतून पाइप उपटून येतो. आधी चौकटीत इंचभर काँक्रीट पसरा, त्यावर फुली ठेवा, मग उरलेले काँक्रीट भरा. सळईने ठोसून ठोसून आतली हवा काढा. पाइपच्या बुडाशी थोडे काँक्रीट थापीने उंच चढवा. दोन बाजूंना वाकवलेल्या सळईच्या कड्या बसवल्या तर लादी उचलणे सोपे जाते.

पाणी किती घालायचे, यावरून आमच्यात वाद झाला. मुलांना पातळ माल आवडतो, कारण तो घमेल्यातून पटकन ओतता येतो. चाचांनी एका लादीला तीन लिटरच्या आसपास पाणी घालायला सांगितले, आणि रेती ओली असली तर त्याहूनही कमी. जास्तीचे पाणी पुढे उडून जाते आणि त्याच्या जागी बारीक छिद्रे राहतात. त्यामुळे लादी कच्ची राहते.

सिमेंट वाळून घट्ट होते, असा पुष्कळांचा समज आहे. माझाही होता. खरे तर सिमेंट आणि पाणी यांच्यात रासायनिक क्रिया होते आणि त्यामुळे ते घट्ट होते. पाण्याखालीसुद्धा सिमेंट जमते, ते यामुळेच. म्हणून लादी उन्हात वाळत ठेवायची नसते. दुसऱ्या दिवशी फळ्या काढा, वर ओले गोणपाट टाका आणि निदान सात दिवस ते ओले ठेवा. पुरी ताकद यायला २८ दिवस लागतात. तेव्हा चांद दिसल्यावर धावपळ करून उपयोग नाही. सफर महिना लागताच काम हाती घ्या.

ओल्या सिमेंटला हात लावू नका. ते आम्लारीधर्मी असते आणि कातडी भाजते. रबरी हातमोजे नसतील तर हातांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधा. लादी उचलण्याचे कामही दोन मोठ्या माणसांचे आहे. पायाच्या बोटांवर पडली तर सण दवाखान्यात जाईल.

इतके करूनही लादी सर्वशक्तिमान नाही. ताशी ६० किलोमीटरच्या झोतात आमच्या फलकावर नऊ किलोहून अधिक रेटा येतो. त्याला २०० ने गुणले तर १८०० च्या वर जाते. लादी १३५० ची. म्हणजे वारा पुन्हा जिंकतो! अशा वेळी दोन उपाय आहेत. फलक खाली, सव्वा मीटरवर आणला तर गुणाकार अकराशे-बाराशेवर येतो. तसे करायचे नसेल तर लादीच्या कडांवर रेतीच्या पिशव्या ठेवून वजन वाढवावे. आभाळ काळे झाले की फलक उतरवून ठेवणे मला सर्वांत बरे वाटते. खांब नुसता पाइपमध्ये बसवलेला असल्यामुळे हे काम मिनिटात होते. खांब सैल वाटला तर लाकडाची पाचर मारा. आणि वीस फुटी कापडी फलकाची कमान असेल, तर घरच्या लाद्यांवर विसंबू नका. वीस फूट लांब आणि तीन फूट रुंद कापडावर ताशी ६० किलोमीटरचा वारा ९० किलोहून अधिक रेटा देतो. ते काम जाणत्या मंडपवाल्याचे आहे.

खांब बांबूचा घ्या, लोखंडी नको. वर विजेच्या तारा असतील तेथे तर खांबच नको. २९ जुलै २०२३ रोजी झारखंडमधील बोकारो जिल्ह्यात मोहर्रमच्या मिरवणुकीत ताजिया ११,००० व्होल्टच्या तारेला लागला आणि चार जण दगावले. खांब पडला तर कोठे पडेल, हे आधीच पाहून ठेवावे. रस्त्यावर काही उभारायचे असेल तर नगरपालिकेची परवानगीही घ्यावी लागते.

हिजरी वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. त्यामुळे मिलाद दरवर्षी मागे सरकते. २०२३ मध्ये ती २८ सप्टेंबरला आली. त्याच दिवशी अनंत चतुर्दशी होती. तेव्हा राज्यात अनेक ठिकाणी मुस्लिम बांधवांनी मिरवणूक दुसऱ्या दिवशी काढली आणि शासनाने २९ सप्टेंबरला सुट्टी दिली. २०२७ साली मिलाद स्वातंत्र्यदिनाच्या आसपास येईल. २०३४ च्या सुमारास ती मे महिन्याच्या अखेरीस येईल, आणि तेव्हा वळवाच्या वादळांशी गाठ असेल. आज सातवीत शिकणारी मुले त्या वेळी मोहल्ल्याची सजावट करत असतील.

आमच्या लाद्या आता आठ आहेत. मिलाद झाली की त्यांतल्या चार शेजारच्या गल्लीतल्या मंडळींकडे जातात. दिवाळीत त्यांवर आकाशकंदिलाचे खांब उभे राहतात. २६ जानेवारीला सगळ्या शाळेत येतात. उरलेल्या काळात त्या शाळेच्या पडवीत असतात. त्या भिंतीला उभ्या टेकवून ठेवत नाही. लहान मुलांच्या अंगावर पडण्याची भीती असते. जमिनीवर आडव्या ठेवतो, आणि कोणी ठेचकाळू नये म्हणून वर निघालेल्या पाइपच्या टोकांना लाल चिंध्या बांधतो.