पश्चिमेची खिडकी आणि पडद्याचा सौदा

मालेगावात उन्हाळा लागला की आमच्या दुकानी एकच मागणी येते, ‘शेठ, जाड, गडद पडदा दाखवा. खिडकीतून आग येते.’ बरीच वर्षे आम्ही तो विकत आलो. नफाही त्यात बरा सुटतो. पण मालातला ऐब ग्राहकाला सांगणे विकणाऱ्यावर लाजिम आहे, म्हणून हे लिहीत आहोत.

गेल्या मे महिन्यात एक विणकर चाचा पडदा परत घेऊन आले. असरच्या सुमारास आम्ही त्यांच्या घरी गेलो. खिडकी पश्चिमेची. पडदा पुन्हा लावून पाहिला, तर थोड्याच वेळात हाताला चटका बसावा इतका तापला. काच ऊन आत सोडते, गडद कापड ते पिते आणि सारी गरमी खोलीतच सोडते. ऊन काचेच्या आत आल्यावर पडदा काय करणार!

छज्जा होता दीड फुटी. शाफई मसलकात सावली एकपट झाली की असर, हनफीत दुप्पट. मे महिन्यात दुपारी सूर्य माथ्यावरच असतो, म्हणून हा हिशेब सोपा पडतो. शाफई असरला असा छज्जा दीड फूट खिडकी झाकतो, हनफी असरला जेमतेम ९ इंच. दक्षिणेच्या खिडकीत मात्र त्या दिवसांत ऊन फारसे शिरत नाही. तिथे पडद्यावर पैसा घालू नये.

चाचांच्या मागावरचेच कोरे कापड दुहेरी शिवून आम्ही खिडकीबाहेर, काचेपासून वीतभर अंतरावर बांधविले. बाजू मोकळ्या ठेवल्या, म्हणजे हवा खेळते. खाली कड्या लावून दोरीने ताणले, नाहीतर वाऱ्याने फाटते. बांबूची चिकही चालते. पडद्याचे पैसे परत केले. दुसऱ्या जुम्म्याला चाचा स्वतः सांगायला आले की पोरे आता दुपारी त्या खोलीत निजतात.

वाळ्याची ताटी आपल्या कोरड्या हवेत गुण देते, मुंबई-कोकणच्या दमट हवेत नाही. बाहेरची हवा तापलेली असेतो खिडकी बंद ठेवावी, इशानंतर उघडावी.

ज्यांनी आमच्याकडून गडद पडदे नेले आहेत, त्यांनी काचेकडच्या बाजूस पांढरे अस्तर लावून घ्यावे. बाहेरच्या पडद्याइतका नाही, पण थोडा फरक पडतो. अस्तराचे कापड आम्ही खरेदीच्या भावात देऊ.